रुबाबच्या जेवणाबद्दल मामांस

तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार. (खरं म्हणजे सप्तांगच. आठवं अंग, म्हणजे माझा उजवा गुडघा, सध्या टेकत नाही. कारण पुढे येईल.)

इकडे काहीही खुशाल नाही. माझा गुडघा भोपळ्यासारखा सुजला आहे, सौ. माझ्याशी मोजून मापून बोलते आहे, सासूबाईंची कवळी हरवून सापडली, पण जिथे सापडली ते पाहिल्यापासून त्या ती तोंडात घालायला तयार नाहीत, आणि गायनमास्तरांची गवती हॅट या जगात उरलेली नाही. हे वाचून तुम्ही खुर्चीत मागे टेकून सुटकेचा श्वास सोडला असेल, याची मला खात्री आहे, आणि म्हणूनच हे पहिल्या ओळीला लिहिलं. मुलीकडे राहायला जाताना तुम्हीच मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की घोडा आता म्हातारा आहे, रुबाबने अन्न सोडलं तर त्याचे हाल करू नकोस. डॉक्टरांना बोलाव, काय ते तूच ठरव, मला विचारू नकोस, नंतर काही कळवूही नकोस. फक्त 'इकडे सर्व खुशाल' एवढंच एका ओळीचं पत्र टाक, मी समजून जाईन. मामा, त्या दिवसापासून मला खुशाल या शब्दाची धास्ती बसली आहे. परवा एक गिऱ्हाईक बिचारं हसतमुखाने 'काय, सगळं खुशाल ना?' म्हणालं, तर मी त्याच्या अंगावर ओरडलो. तेव्हा खुशाल काही नाही आणि रुबाब आहे. तो या क्षणी आमच्या मागच्या शेडमध्ये उकडलेलं जवस खातो आहे आणि अर्धं मिशांना लावतो आहे.

तुमची तब्येत कशी आहे? कंबर बसताना दुखते की उठताना? ताईच्या पत्रावरून कळलं, की तुम्ही दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसता, आणि चहा आणून दिला की 'आता माझा कुणाला काय उपयोग' असं कपाला उद्देशून बोलता. फोनवर तुम्ही 'हं, बरं, ठेवतो' याच्या पलीकडे जात नाही, म्हणून हा पत्राचा खटाटोप. पत्राला मध्येच ठेवतो म्हणता येत नाही.

तुमचा घोडा सांभाळायला मी हो म्हटलं ते तुमच्या तोंडाकडे बघून, घोड्याच्या नव्हे. आम्ही लॉन्ड्रीवाले. समोरचा माणूस कसा आहे हे आम्हाला त्याच्या कॉलरवरून आणि बाह्यांवरून कळतं. ज्याला दोन्ही नाहीत त्याच्याशी काय बोलायचं? शिवाय म्हातारा घोडा म्हणजे हाडांचा सापळा आणि माश्या, अशी माझी समजूत. पण रुबाब टेम्पोतून उतरला आणि मी हातातलं कपड्यांचं गाठोडं खाली ठेवलं. पाठ खोलगट झालेली, डोळ्यांवर पांढरे केस, गुडघे माझ्यापेक्षा वाईट, पण मान! मामा, जन्मभर मी लोकांच्या कॉलरींना खळ घालून जो ताठपणा आणायची धडपड करतो आहे, तो या प्राण्याच्या मानेत उपजत आहे आणि कितीही धुतलं तरी जात नाही. (सौ.ने धुतलं. पहिल्याच दिवशी. मला पंचवीस वर्षांत मिळालं नसेल इतकं कोमट पाणी त्याला एका सकाळी मिळालं.) जुना बॉयलर ठेवायची ती शेड तिने घासूनपुसून काढली, खाली भुस्सा पसरला, खिडकीला चादर लावली, आणि मग मला म्हणाली, की आता तुम्ही आत जाताना चपला बाहेर काढत जा.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. तुम्ही बागेच्या फाटकापाशी कॅमेरा मांडून बसायचात, त्या काळात या गावातलं निम्मं बालपण रुबाबच्या पाठीवर बसून फोटोत गेलं आहे, हे मला ऐकून आणि काउंटरमागे टांगलेल्या आमच्या लेकीच्या फोटोवरून माहीत होतं. डोळ्यांनी आता पाहिलं. पोट सुटलेले एक वकीलसाहेब काळा कोट टाकायला आले होते, ते सहज मागे डोकावले आणि 'अरे, हा तर आमच्या दिवाणखान्यातला घोडा!' असं म्हणून कोटाने डोळे पुसू लागले. (तो कोट पुन्हा धुवावा लागला.) लोक कपडे द्यायचं निमित्त काढून येऊ लागले, धुतलेले कपडे धुवायला देऊ लागले. आणि रुबाब? समोर कुणी उभं राहिलं की मान वर, कान पुढे, एक पाय किंचित अलीकडे, नजर दूर. अगदी निश्चल! आम्ही म्हणायचो, काय हा डौल, काय ही अदब, आलेल्याचा केवढा मान ठेवतो! मामा, आम्ही किती मूर्ख होतो ते पुढे कळेल.

कारण एवढं सगळं होत असताना तो जेवत नव्हता. आधी वाटलं, नवी जागा. मग वाटलं, तुमची आठवण. गवत तोंडात घ्यायचा, चघळायचा आणि ओला बोळा करून खाली टाकायचा. डॉक्टरांना बोलावलं. हे जनावरांचे डॉक्टर उंच, खांदे पाडलेले, आवाज असा की 'नमस्कार' म्हणाले तरी सांत्वनाला आल्यासारखं वाटतं. त्यांनी रुबाबच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला (मी डोळे मिटले) आणि सांगितलं, की दाढा पार झिजल्या आहेत, कडेला टोकं आली आहेत ती गालाला लागतात. मग कानशीने ती टोकं घासली. त्या आवाजाने माझे स्वतःचे दोन दात हलले, पण रुबाबने हूं की चूं केलं नाही. आता गवत बंद. भिजवलेला कोंडा, उकडलेलं जवस, किसलेलं गाजर, किसलेलं सफरचंद, सगळं मऊ आणि कोमट. आणि खातो की नाही यावर नीट लक्ष ठेवा, असं म्हणून ते गेले. हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं नसतं तर बरं झालं असतं.

लक्ष ठेवण्यात आमच्या घराचा हात कोण धरणार? सौ.ने पाळ्या लावल्या. शेडमध्ये घमेल्यापुढे इस्त्रीचं उंच स्टूल मांडलं आणि त्यावर कायम एक माणूस घोड्याच्या तोंडाकडे टक लावून बसलेला, असा बंदोबस्त केला. शिवाय तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून दर जेवणाला फोनवर फोटो काढून ताईकडे पाठवायचा, हे आलंच. ते फोटो तुम्ही पाहिले असतील. काय उभा आहे, असं तुम्ही म्हणालाही असाल. उभाच होता तो! घमेलं भरलेलं, मान वर, नजर दूर. मी तर खालून तरी चावताना दिसेल म्हणून घमेल्याच्या कडेने सरपटलो आणि सफरचंदाच्या किसावरून घसरलो. गुडघ्याची हकीकत ती एवढीच.

सासूबाईंनी तर कमाल केली. दात नसण्याचं दुःख दातवाल्यांना कळत नाही, असं आम्हा दोघांना सुनावून त्यांनी रुबाबचा ताबा घेतला. त्याच्या समोर बसून, आपली कवळी काढून घमेल्याच्या काठावर ठेवून, नुसत्या हिरड्यांनी सफरचंद कसं खाता येतं याचं त्या त्याला प्रात्यक्षिक देत. तो इतक्या आदराने बघायचा की त्यांना वाटे, शिकला. एकदा ती कवळी कोंड्यात पडली. आम्ही सगळी लॉन्ड्री पालथी घातली, दोन गिऱ्हाइकांचे खिसेही तपासले. शेवटी सौ.ने घमेलं ढवळलं.

त्याच सासूबाईंनी आणखी एक नियम केला, आणि सगळं घोडं तिथेच अडलं. आजाऱ्यासमोर अभद्र बोलायचं नाही. 'संपलं' म्हणायचं नाही, 'गेलं' म्हणायचं नाही, आणि 'झालं' तर मुळीच म्हणायचं नाही. आजाऱ्याच्या उशाशी झालं म्हणणं म्हणजे त्याच्या झाल्याची दवंडी पिटणं, असं त्यांचं म्हणणं. 'होत आलंय' म्हणायचं, 'तयार आहे' म्हणायचं. काउंटर आणि शेड यांच्यात फक्त प्लायवूडची फळी, म्हणून गिऱ्हाइकांनाही मी पायरीवरच गाठायचो आणि ओठांवर बोट ठेवून कपडे द्यायचो. आमचे इस्त्रीवाले काका तीस वर्षं कपडा घडी करून ठेवताना 'झालं' म्हणत आले आहेत. ते नुसते उसासे टाकू लागले. तुमच्या भाच्याची लॉन्ड्री इतकी शांत कधी नव्हती. गायनमास्तरांची हॅट याच शांततेत नाहीशी झाली. ती साफ करायला आली होती, शेडच्या खिडकीत वाळत ठेवली होती, आणि नेमकी सौ.ची पाळी संपून माझी सुरू व्हायच्या मधल्या वेळात गेली. रात्री पाळीवाल्याला डुलकी लागली, की सकाळी घमेलंही थोडं रिकामं दिसायचं. घमेल्याचं श्रेय आम्ही उंदरांना दिलं आणि हॅटचा आळ इस्त्रीवाल्या काकांवर घेतला. समोर उभा असलेला घोडा कुणाला दिसलाच नाही.

मामा, आता जरा गंभीर लिहितो. तो वाळत चालला होता. बरगड्या दिसू लागल्या. तरी मान खाली येत नव्हती, आणि तेच मला बघवेना. सौ. म्हणायची, अजून थोडं थांबू. सासूबाई म्हणायच्या, थांबू. मी रोज त्या दोघींना हो म्हणायचो आणि स्टुलावर बसलो की तुमचे शब्द आठवायचे, त्याचे हाल करू नकोस. शेवटी मी ठरवलं. कुणाला न सांगता डॉक्टरांना निरोप धाडला की या, आणि ते इंजेक्शन घेऊन या. ते आले तेव्हा सौ.ने त्यांच्या हातातली पेटी पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिने भरलेलं घमेलं रुबाबच्या आणखी जवळ सरकवलं. त्यापेक्षा चार भांडी फेकून मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही सगळे शेडमध्ये उभे, इस्त्रीवाले काकासुद्धा. डॉक्टर रुबाबच्या समोर. रुबाब नेहमीसारखा, मान वर, कान पुढे, पाय अलीकडे. डॉक्टर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, की अशी उभं राहायची रीत असलेला घोडा त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नाही. मग पोटाला नळी लावून ऐकलं, हिरड्या पाहिल्या, नळी गळ्यातून काढून घडी केली, पेटीची कडी उघडली आणि त्या सांत्वनाच्या आवाजात म्हणाले, "झालं."

रुबाबने एवढा मोठा श्वास सोडला की सासूबाईंचा पदर उडाला. मान खाली आली, तोंड सरळ घमेल्यात गेलं, आणि तो जेवायला लागला. भुकेला माणूस जेवतो तसा, आवाज करत, डोळे मिटून, नाकापर्यंत कोंड्यात. डॉक्टर उघड्या पेटीशी तसेच. आम्ही चौघे आनंदाने धावत जाऊन त्याच्या पुढ्यात उभे राहिलो, तर मान पुन्हा वर आणि जेवण बंद. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि स्वतःचाच नियम मोडून ओरडल्या, "झालं! परत थांबला मेला!" की हा पुन्हा घमेल्यात.

डोकं चाललं ते सौ.चं. (माझं चालायचा प्रश्न नव्हता, मी रडत होतो.) ती पळत काउंटरकडे गेली आणि भिंतीवरचा आमच्या लेकीचा लहानपणचा फोटो काढून घेऊन आली, रुबाबवर बसलेली, दात पडलेले, तुम्हीच काढलेला. तिला तो दिवस आठवत होता. तुम्ही कॅमेऱ्यामागून म्हणत होतात, हलू नका, हलू नका, हलू नका, झालं! आणि झालं म्हटल्याबरोबर, पोरीला उतरवायच्याही आधी, खिशातून चण्यांची मूठ काढून याच्या तोंडाशी धरली होतीत. मामा, तो आम्हाला मान देत नव्हता. तो फोटोला उभा होता! समोर माणूस येऊन टक लावून बघतो म्हणजे फोटो. फोटो म्हणजे हलायचं नाही. आणि झालं म्हणेपर्यंत खायचं नाही. आम्ही पाळ्या लावून, स्टूल मांडून, दिवसभर त्याचे फोटो काढत होतो आणि झालं म्हणायला घरात बंदी. सासूबाई तर म्हणतात, तुम्ही निघालात त्या दिवशी ताईने तुम्हा दोघांचा फोटो काढला, तेव्हा सगळे डोळे पुसत होते आणि झालं म्हणायचं राहूनच गेलं. त्याच्या हिशेबी तो फोटो अजून चालू होता. जाताना तुम्ही आम्हाला खुरांपासून शेपटीपर्यंत सगळं समजावून सांगितलं, हे मात्र नाही. सौ. म्हणते, जन्मभर म्हटलेला शब्द आपण म्हणतो हे त्या माणसाला तरी कुठे ठाऊक असणार.

डॉक्टरांनी पेटी मिटली, नाक शिंकरलं आणि आमच्याकडे चहा घेतला. दोन कप. आता रोजचं असं आहे, की घमेलं ठेवायचं, 'झालं' म्हणायचं आणि बाहेर यायचं. दाढा नाहीत त्या नाहीतच, पण मऊ असेल तेवढं सगळं जातं. बरगड्या झाकत आल्या आहेत. आणि काय त्याचं व्याकरण! बंदी उठल्यापासून काउंटरवर दिवसभर गजर चालू असतो. शर्ट झाला, हा ढिम्म. पँट झाली, ढिम्म. मोजे झाले, कान हलवत नाही. पण कुणाचं जाकीट झालं, की फळीपलीकडून चावण्याचा आवाज सुरू. नपुंसकलिंगी एकवचनाशिवाय तो घास घेत नाही. शाळेत मला याच विषयात किती मार मिळाला होता! मी आता त्याला मनातून अहोजाहो करतो. उपाशी पोटी, दुखत्या गुडघ्यांवर, कुणीतरी झालं म्हणेल या भरवशावर कामाची शिस्त न सोडता उभं राहायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं. जेवायला दहा मिनिटं उशीर झाला तर मी काय करतो ते सौ.ला विचारा.

सासूबाई आणि सौ. नमस्कार सांगतात. ताईला आशीर्वाद नको, ती माझ्यापेक्षा मोठी आहे, नमस्कार सांगा. गायनमास्तरांना नवी हॅट घेऊन दिली, ती ते आता डोक्यावरून काढत नाहीत.

तुमचा भाचा

ता. क. एक अडचण झाली आहे. ते वकीलसाहेब आपल्या मुलीला घेऊन आले, की तिचाही रुबाबबरोबर फोटो हवा. पाठीवर बसवायचं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे, पण शेजारी उभं राहायला हरकत नाही, उलट त्याला हुशारी येते म्हणाले. सौ.ने मला न विचारता हो म्हटलं, मग आणखी सहासात जणांना म्हटलं. फोनवर काढून चालत नाही. लोक फोटो काढून तो कसा आला ते बघत मान घालून उभे राहतात आणि तो ताटकळतो. झालं म्हणायची सवय असलेला फोटोग्राफर पाहिजे. काउंटरच्या वरच्या मजल्यावरची खोली आम्ही रिकामी करून रंगवली आहे, तिची खिडकी शेडकडे उघडते. पाहुणे म्हणून बोलावत नाही, कामावर बोलावतो आहे.

ता. क. २. हात थरथरतात म्हणाल, तर कॅमेऱ्याला स्टँड असतो. नीट दिसत नाही म्हणाल, तर कोण हललं हे सासूबाई सांगतील. त्यांना माझं हललेलंही दिसतं.

ता. क. ३. सौ.ने पत्र वाचलं आणि म्हणाली, एवढी पानं भरलीत आणि मुद्द्याचं लिहिलंच नाहीत. तर मुद्दा असा. डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा तो काढेल, पुढचं विचारू नका. त्या दिवशी मी एकट्याने ठरवलं, मामा, आणि मी साफ चुकलो होतो. डॉक्टर त्या वेळी गप्प बसले असते तर मी तुम्हाला ते एका ओळीचं पत्र टाकून मोकळा झालो असतो. पुन्हा कधी ठरवायची वेळ आली तर मला ते एकट्याने जमणार नाही, तुम्ही शेजारी पाहिजे. ताईशी बोलणं झालं आहे, तिने तुमची बॅग भरून पलंगाखाली सरकवली आहे. मी रविवारी गाडी घेऊन येतो. यायचं नसेल तर तसं सविस्तर पत्राने कळवा. पोस्टमन ते इथे घेऊन येईल तेव्हा दारात जाऊन तुम्हीच घ्या.